अग्निसरोवरातला माणूस

१

चादर खाली सरकली आणि मामांचा हात तसाच हवेत राहिला.

चित्र जागच्या जागी होतं. भिंतभर पसरलेलं, पाहणाऱ्याची छाती दडपून टाकणारं. वर आकाश एखाद्या गुंडाळीसारखं गुंडाळलं जात होतं, चंद्र रक्तासारखा लाल झाला होता, झाड गदागदा हलवल्यावर कच्ची फळं गळावीत तसे तारे गळत होते. सात देवदूतांचे गाल तुताऱ्या फुंकून फुगलेले. सात डोक्यांचा तांबडा अजगर शेपटीनं नक्षत्रं झाडून काढत होता. डाव्या अंगाला खाली आगीचं सरोवर आणि त्यात बुडत चाललेली माणसं. उजव्या अंगाला आभाळातून उतरत उतरत जमिनीला टेकलेली सोनेरी नगरी, तिची मोत्याची वेस, आणि त्या वेशीतून आत निघालेली माणसांची रांग. जगाचा शेवटचा दिवस मामांनी ऐन उमेदीची वर्षं घालून रंगवला होता. आज दुपारी गाडी येणार होती आणि उद्या गावाच्या प्रार्थनामंदिरात चित्राचं अनावरण होतं.

फक्त आगीच्या सरोवरात, कमरेच्या उंचीवर, तळहाताएवढं भोक पडलं होतं. त्यातून चित्रामागचा अंधार दिसत होता.

"फौजदार," मामा म्हणाले, "इकडे ये."

मामांची ही भाची पोलीस खात्यात तपासाचं काम करायची. नोकरी लागल्या दिवसापासून मामा तिला फौजदारच म्हणत. सोहळ्यासाठी रजा काढून ती कालच आली होती. चार दिवस कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरवूनच आली होती. भोकाकडे बघताच तिच्या लक्षात आलं, रजा संपली.

दारात मामी उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. तिच्या मागे पठ्ठ्या. हा मामांचा जुना विद्यार्थी. आता त्याचं स्वतःचं नाव झालं होतं, मोठमोठ्या शहरांत त्याची प्रदर्शनं भरत. पण मामांच्या तोंडी अजून पठ्ठ्याच. चौकट करून द्यायला तो मुद्दाम आठवडाभर येऊन राहिला होता.

मामांनी वळून त्याच्याकडे बोट रोखलं. खरं तर अंगठा. मामांचा उजवा अंगठा लहानपणी दारात चिरडला होता, तो तेव्हापासून बाहेरच्या बाजूला वळलेला. काही दाखवायचं झालं की बोटाआधी तोच पुढे व्हायचा.

"काल दुपारी जेवताना काय म्हणालास तू? तो माणूस काढून टाका, म्हणालास ना? टाकलास काढून?"

पठ्ठ्या पुढे आला. "सर, मी..."

"तुझ्या खिशात ब्लेड असतं. चोवीस तास असतं. काढ बाहेर."

"अहो," मामी म्हणाली, "आधी चहा तरी घ्या. मग नीट बघा चित्राकडे."

"बघायचं काय त्यात? दिसतंय ते!" मामांनी चादर पुन्हा चित्रावर ओढली. "चोर सापडेपर्यंत हे चित्र इथून हलणार नाही. नाही सापडला तर याच चादरीत गुंडाळून ठेवीन. कायमचं."

आणि मामा हे नुसतं बोलणाऱ्यातले नव्हते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

२

मामांना मामीनं ओढतच स्वयंपाकघरात नेलं. पठ्ठ्या आपल्या खोलीत गेला आणि पाठोपाठ बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

भाचीनं चादरीचा डावा कोपरा उचलून भोक नीट पाहिलं. रागानं फाडलेलं नव्हतं. कडा स्वच्छ. चौकोनीही नव्हतं, लांबट, वरच्या बाजूला गोलसर, एखाद्या माणसाच्या आकाराला धरून कापल्यासारखं.

मग ती चित्राच्या मागे शिरली. चित्र आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढी जागा होती. मागून जाड सुती कापडाच्या तीन उभ्या पट्ट्या दिसत होत्या, एकमेकींना बारीक टाक्यांनी जोडलेल्या. एवढ्या पन्ह्याचं कापड कुठे मिळेना तेव्हा मामीनं त्या जोडल्या होत्या. लग्नाआधी ती नाटकांचे पडदे शिवायची. तिची शिवण चित्राच्या पुढच्या बाजूला भिंग घेऊन शोधली तरी सापडत नव्हती, आणि मामा पाहुण्यांना ते मोठ्या अभिमानानं सांगायचे.

भोकाच्या मागच्या कडेला खडूची पुसट रेघ उरली होती. रेघेवर टाचणीनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं. म्हणजे कुणीतरी पुढून छिद्रं पाडून मागे आकार आखून घेतला, आणि मग कापला. काम सावकाश केलेलं, हात न थरथरता.

तिनं पाहिलेले चित्रं नासवणारे लोक निराळे असत. ते चाकू घेऊन अंगावर धावून जात, वेडेवाकडे फाडत, नंतर रडत. आखणी कुणी करत नसे.

स्वयंपाकघरात मामा गार झालेल्या चहाकडे बघत बसले होते. ती त्यांच्यासमोर बसली.

"मामा, त्या जागी कोण होतं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही कसं?"

"आगीत माणसं असतात. त्यातलाच एक. कुणी महत्त्वाचा नव्हता."

मामांना चित्रातला तारा न् तारा पाठ होता. अजगराच्या सातही डोक्यांना त्यांनी नावं ठेवली होती, आणि ती त्यांच्या नात्यातल्या माणसांची होती. असा माणूस आगीतल्या एकाला विसरेल?

"काल संध्याकाळी तुम्ही चित्र झाकलंत, मग आपण दोघं आणि फादर प्रार्थनामंदिरात भिंत बघायला गेलो. परत आल्यावर चादर उचलली होती?"

"नाही. दमलो होतो. जेवलो आणि झोपलो."

"आणि रात्री चित्रासमोर मी झोपले होते. म्हणजे जे झालं ते आपण बाहेर असताना. घरात मामी होती, पठ्ठ्या होता. दुसरं कुणी येऊन गेलं?"

"औषधवाला आला असेल. हिची गुडघ्याची गोळी घेऊन." मामांनी कपाळाला हात लावला. "तोही गावभर सांगत सुटलाय, की मी त्याला आगीत घातलंय."

"घातलंय?"

मामा पहिल्यांदाच किंचित हसले. पण उत्तर न देता उठून गेले. भाची त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिच्या मामांनी आज तिला आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली होती.

३

पठ्ठ्या बॅग भरून पलंगाच्या कडेवर बसला होता.

"संध्याकाळची बस पकडतोय," तो म्हणाला. "चौकट तयार आहे, मेण लावायचं राहिलंय थोडं. चोर म्हणून या घरात चहा नाही प्यायचा मला."

"चोर आहात का?"

"फौजदार, मी सरांकडे ब्रश धुवायला शिकलो. रंग नंतर." त्यानं खिशातून ब्लेड काढून तिच्यापुढे टाकलं. "घ्या. पेन्सिलीला टोक करायला ठेवतो."

ब्लेड एका कोपऱ्यात तुटलेलं होतं. त्यानं ती गुळगुळीत कड कापली गेली नसती, फाटली असती. भाचीनं ते परत त्याच्या हातात ठेवलं.

"काल तुम्ही जेवताना म्हणालात, तो माणूस काढा."

"म्हणालो. आगीच्या मधोमध उभा होता तो, सगळी आग अडवून. काढा त्याला, आगीला जरा श्वास घेऊ द्या, असं म्हणालो. मी असं नेहमी बोलतो, सर नेहमी शिव्या देतात, मग आम्ही दोघं दुसरी वाढ घेतो."

"चला, भोक बघू."

दोघं चित्रापाशी आले. तिनं चादरीचा तोच कोपरा उचलून धरला. पठ्ठ्या गुडघ्यांवर बसला. बराच वेळ बघून म्हणाला, "हे जास्त कापलंय."

"म्हणजे?"

"माणूस एवढा नव्हता. बघा, चोहोबाजूंनी बोटभर आग पण गेलीय त्याच्याबरोबर. नुसता काढूनच टाकायचा तर अंगालगत कापलं असतं. आणि तुकडा जपून ठेवायचा तरी बोटभर आग कशाला हवी?"

भाचीनं ते मनात नोंदवलं. "कापल्यावर रंगाचे टवके उडाले नसते?"

"इतरांचे उडाले असते. सर रंग अगदी पातळ लावतात, कापड मऊ राहतं. हवं तर घडी घाला."

"तो माणूस कसा होता दिसायला?"

"तोंड दिसत नव्हतं. दोन्ही हातांनी झाकलेलं." त्यानं स्वतःचे हात चेहऱ्यापाशी नेऊन दाखवलं. "हात मात्र काय काढले होते! फक्त एक अंगठा असा बाहेरच्या बाजूला गेलेला. मला वाटलं, सरांचा हात चुकला. आता वाटतं, सरांचा हात कधी चुकतो का?"

बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं. हात तसेच चेहऱ्यापाशी राहिले.

"अरे देवा," तो पुटपुटला.

सगळ्या गावाला ज्या आगीची धास्ती होती, त्या आगीच्या मधोमध मामांनी स्वतःला उभं केलं होतं.

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?" तिनं विचारलं.

"मागच्या खोलीत, चौकट घासत. कानांत नुसता घासल्याचा आवाज. मधूनमधून काकूंचं गुणगुणणं ऐकू यायचं. मग तेही थांबलं."

"एकदम थांबलं?"

"एकदम. ओळीच्या मध्येच. मला वाटलं, कुणी आलं असेल."

४

औषधवाल्यांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. बरण्या उंचीप्रमाणे लावलेल्या, काउंटर आरशासारखा पुसलेला. भाची आत शिरताच ते ताठ झाले.

"मला माहीत होतं, तुम्ही येणार. टर्पेंटाइनच्या वासाबद्दल मी तक्रार केली, हा माझा गुन्हा! वर्षानुवर्षं माझ्या दुकानात तो वास येतोय. गिऱ्हाईक म्हणतं, औषध जुनं आहे का?"

"आपलं थोबाड त्या चित्रात दिसलं तर खरवडून काढीन, असं तुम्ही म्हणाला होतात म्हणे."

"थोबाड असं नाही म्हणालो. चेहरा म्हणालो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "काल गेलो होतो खरा. पण आत पाऊल टाकलं नाही. काकूंनी दार अर्धंच उघडलं. मी विचारलं, गुडघा कसा आहे? तर नुसती मान हलवली. म्हटलं, चित्रकार घरात आहेत? पुन्हा मान. गोळ्या घेतल्या आणि दार लोटलं. एक शब्द नाही बोलल्या! एरवी त्या बाई मला दहा मिनिटं सोडत नाहीत. मला घरी गेल्यावर जेवण गोड लागलं नाही हो. काकूसुद्धा माझ्यावर रागावल्या म्हणजे मी खरंच आगीत असणार."

"चेहऱ्यावर राग होता?"

ते विचारात पडले. "राग असा नाही. ओठ मात्र घट्ट मिटलेले."

भाची दाराशी पोहोचली तसे ते काउंटरवरून वाकून हळूच म्हणाले, "तुम्ही चित्र पाहिलंय ना? मी आहे का हो आगीत?"

"नाही. तुम्ही वेशीपाशी आहात. रांगेत, चष्म्यासकट."

औषधवाल्यांचा जीव भांड्यात पडला. चेहरा असा उजळला, की भाचीलाही बरं वाटलं. मग लगेच कपाळावर आठी आली. "रांगेत कुठे?"

"शेवटाला."

"तरीच," ते म्हणाले. "चित्रकार तो चित्रकारच."

प्रार्थनामंदिरात फादर शिडीवरच्या दोन कामगारांना खालून सूचना देत होते. भिंतीत मोठमोठे आकडे ठोकून झाले होते. झालेला प्रकार ऐकून ते बाकावर टेकले.

"हे पाहा," ते म्हणाले, "मला त्या चित्राची भीती वाटायची हे खरं. इथे थकलेली, आजारी माणसं येतात, त्यांना कशाला अजगर दाखवायचा? आग कमी करा म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. पण कापायचंच असतं तर मी थेट अजगराला हात घातला असता. एवढासा माणूस कापून माझं काय भागणार?"

भाचीला हसू आलं. आणि फादर तर काल संध्याकाळभर तिच्या डोळ्यांसमोर होते.

"मामा त्या माणसाबद्दल कधी बोलले होते?"

"माणसाबद्दल नाही. एकदा विचारलं होतं, न्यायाच्या दिवसाचं चित्र काढणाऱ्यानं स्वतः कुठे उभं राहावं? मी म्हटलं, चित्राच्या बाहेर, ब्रश घेऊन. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. म्हणाले, सगळ्या गावाला डावं-उजवं करायचं आणि स्वतः नामानिराळं राहायचं, हे बरं नव्हे."

परतीच्या वाटेवर भाची पायांकडे बघत चालत होती. स्वतःला आगीत उभं करणारे मामा काल संध्याकाळभर तिच्याबरोबर होते, म्हणजे त्यांनी ते कापलेलं नव्हतं. पठ्ठ्याला तो माणूस कोण हे आजच कळलं. औषधवाले उंबऱ्याच्या आत आले नाहीत. ज्यानं कापलं त्यानं खडूनं आखून कापलं, बोटभर जागा जास्त सोडून कापलं. त्याला तो माणूस नकोसा झाला नव्हता. हवा होता.

मग नेला कुठे?

५

घरी मामी तिची वाटच बघत होती. मामांचा जुना कोट खुर्चीवर टाकलेला होता.

"जरा उभी राहा गं, तुझ्या मामांसारखी. उंची सारखीच आहे तुमची. ते काही आज अंगाला हात लावू देणार नाहीत, आणि बाह्या तर लांब झाल्यात. माणूस वयानं आखडतो की काय कोण जाणे."

"मामी, उद्याचा कार्यक्रमच होणार की नाही..."

"होईल की. न व्हायला काय झालं?"

मामीचा आवाज इतका निवांत होता, की भाचीनं मुकाट्यानं कोट अंगात घातला. सकाळपासून या घरात मामा कोलमडले होते, पठ्ठ्या बॅग भरून बसला होता. मामीनं मात्र भांडी आवरली होती, सूप उकळत ठेवलं होतं आणि आता ती बाही दुमडत होती.

"मामी, काल संध्याकाळी औषधवाले आले होते ना?"

मामीनं मान हलवली.

"मग तू त्यांच्याशी बोलली का नाहीस? बिचारे जेवले नाहीत धड."

मामीनं पुन्हा मान हलवली, नुसतं "हं" केलं. भाचीनं खाली पाहिलं. मामीचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्या ओठांत ओळीनं टाचण्या धरलेल्या होत्या.

भाची अशी स्तब्ध झाली, की मामीला बाही दुमडणं सोपं गेलं.

टाचण्या. म्हणून गुणगुणणं मध्येच थांबलं होतं. म्हणून औषधवाल्यांना एक शब्द मिळाला नव्हता. आणि काल दुपारी ती आल्या आल्या मामीनं तिच्यापुढे सुयांची डबी ठेवली होती. "डोळे अधू झालेत गं, पाच-सहा सुया ओवून ठेव. पिवळा दोरा घाल. पडद्याला हवाय." गप्पांच्या नादात तिनं भराभर ओवून दिल्या होत्या. या घरातले पडदे निळे होते.

चांगली फौजदार! गुन्ह्याची हत्यारं तिनं स्वतःच्या हातांनी तयार करून दिली होती.

"झालं," मामी टाचण्या काढून म्हणाली. "काढ आता हळूच."

भाची कोट काढून सरळ मामांच्या कामाच्या खोलीत गेली. बोटभर जास्त जागा. कापड जोडायचं असेल तर कडा आत दुमडायला शिवणारी बाई तेवढीच जागा सोडते. म्हणजे तो तुकडा लपवायला कापलेला नव्हता. शिवायला कापला होता. आणि कापडाचा तुकडा कापडावरच शिवतात. पिवळ्या दोऱ्यानं. पिवळं होतं कुठे?

सकाळपासून सगळ्यांनी चादरीचा डावा कोपरा उचलून भोकच पाहिलं होतं. तिनं उजवा कोपरा उचलला.

वेशीपुढची रांग छातीच्या उंचीवर होती. सगळी माणसं अर्धी पाठमोरी, पलीकडच्या उजेडाकडे चाललेली, प्रत्येकाच्या खांद्याला सोनेरी कड. रांगेच्या पुढे, अगदी उंबऱ्यावर, एक बाई तेवढी थांबून मागे वळून बघत होती. ती मामी होती, तरुणपणीची.

आणि तिला अगदी खेटून एक माणूस उभा होता. दोन्ही हातांनी तोंड झाकलेला. त्या सगळ्या सोन्यात त्या एकट्याचे खांदे अजून लाल होते.

६

बस सुटायच्या आत भाचीनं सगळ्यांना कामाच्या खोलीत बोलावलं. गाडीचं काय झालं हे विचारायला फादर आले होते, तेही थांबले. औषधवाले फादरांच्या मागून आत आले. आपल्याला बोलावलेलं नाही याचा त्यांना विसर पडला होता.

"सापडला?" मामांनी विचारलं. त्यांनी पठ्ठ्याकडे बघायचं टाळलं.

"सापडला. पण त्याआधी तुम्ही मला एक सांगा. त्या जागी तुम्ही होतात ना?"

मामांनी वाकडा अंगठा मुठीत दडवला आणि मान हलवली.

"मग ऐका. ज्यानं हे केलं त्यानं तुम्हाला ओळखलं. तोंड झाकलेलं असताना, नुसत्या हातांवरून ओळखलं. त्याला चित्राचा राग नव्हता. राग असता तर आखणी केली नसती. त्याला तुमचा राग नव्हता. असता तर तुम्हाला तिथेच राहू दिलं असतं. त्यानं बोटभर जागा जास्त सोडली, कारण कडा दुमडून शिवायच्या होत्या. शिवताना ओठांत टाचण्या होत्या, म्हणून दारात आलेल्या माणसाशी बोलता आलं नाही."

"म्हणजे रागावल्या नव्हत्या!" औषधवाले म्हणाले.

"आणि सुया मी ओवून दिल्या," भाची म्हणाली. "तेव्हा मलाही धरा यात."

तिनं चादर ओढून काढली, पूर्ण. सगळ्यांच्या नजरा सवयीनं भोकाकडे गेल्या. मग तिनं हात केला तिकडे, उजवीकडे वळल्या.

मामा हळूहळू पुढे गेले. चित्राच्या इतके जवळ, की नाक लागेल. टाके शोधू लागले, मग सोडून दिलं. स्वतःच्या चित्रात ते कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिले.

"तू?" शेवटी त्यांनी विचारलं. मागे न वळता.

"मग कोण?" मामी म्हणाली. "मला वेशीत उभी केलीत तेव्हा मी विचारलं होतं, ही बाई मागे वळून कुणाकडे बघतेय? तुम्ही म्हणालात, काही नाही, रांगेत बदल म्हणून. मीही विश्वास ठेवला. परवा चित्राची धूळ झटकताना खाली वाकले, तर समोर तुमचा अंगठा! इतकी वर्षं त्या अंगठ्याला मी मलम लावतेय, मला ओळखू येणार नाही?"

"अगं, पण न्यायाच्या चित्रात स्वतःला स्वर्गात बसवायचं..."

"तुम्ही नाहीच बसवलं. मी बसवलं. झालं?" मामीनं पदर खोचला. "मला तुम्ही दारात उभं करून ठेवलंत, जन्माची. आत एकटी जाणार नव्हतेच मी. आणि तिकडे आगीत यावं, तर मला उकाडा सोसत नाही."

फादर खोकल्याचं निमित्त करून खिडकीतून बाहेर बघावं तसे वळले. तिथे खिडकी नव्हती, नुसती भिंत होती. तरी ते भिंतीकडे बघत राहिले.

"मला सांगायचं तरी," मामा म्हणाले.

"सांगून तुम्ही कधी काही बदललंय? फादरनी आग कमी करायला सांगितली तर तुम्ही अजगराला शिंगं वाढवलीत." मग तिचा आवाज उतरला. "सकाळी मला वाटलं, चादर काढल्या काढल्या तुम्हालाच दिसेल. चित्रकार म्हणवता ना! पण तुम्ही भोक बघितलं आणि या पोरावर धावून गेलात. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. म्हटलं, आता बघतील, मग बघतील. चुकलंच माझं. पठ्ठ्या, रागावू नकोस रे काकूवर."

मामा आता वळले, सरळ त्याच्यापाशी गेले आणि त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले.

"मी गाढव आहे."

"आहात, सर," पठ्ठ्या म्हणाला, आणि खोलीभर हसू फुटलं. "पण मी म्हटलं होतं ना, तो माणूस काढा म्हणून? बघा, आगीला कसा श्वास मिळालाय. फक्त ते लाल खांदे सोनेरी करून घ्या. उजेड चुकतोय."

मामांनी ब्रश उचलला, रंगाच्या बशीपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"नको. लाल राहू दे. कुठून आलोय ते दिसायला हवं." मग पुन्हा चित्राकडे वाकून म्हणाले, "अगं, पण तू मला तुझ्या उजव्या हाताला का लावलंस? डावीकडे जागा चांगली मोकळी होती."

"तुमचा डावाच कान काय तो शाबूत आहे," मामी म्हणाली. "माझ्या डावीकडे लावलं असतं तर बहिरा कान माझ्याकडे आला असता, मग मी काय भिंतीशी बोलत बसू? किती काळ राहायचंय तिथे, माहितेय ना?"

७

चित्र त्याच संध्याकाळी गाडीतून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनामंदिर माणसांनी भरून गेलं.

आधी सगळे अजगराला घाबरले. मग नातेवाईक शोधू लागले. औषधवाल्यांनी बायकोला रांगेच्या शेवटी नेऊन स्वतःला दाखवलं. ती म्हणाली, चष्मा छान काढलाय. तेवढ्यावर ते मामांना वासाबद्दलचं सगळं माफ करून मोकळे झाले.

पहिल्या बाकापुढे खुर्चीत एक म्हातारी बाई बसली होती. तिला चालवत नव्हतं म्हणून तिची खुर्ची चित्राच्या डाव्या अंगाला, आगीजवळच, आणून ठेवली होती. ती बराच वेळ भोकाकडे बघत होती. फादर तिच्याजवळ गेले तेव्हा तिनं त्यांची बाही धरली.

"फादर, इथलं काय फाटलं हो?"

"फाटलं नाही, आजी. तिथे एक माणूस होता. तो गेला."

"आगीतून गेला? कुठे?"

"बायकोबरोबर," फादर म्हणाले.

आजीला ते पटलं असावं. तिनं खुर्ची थोडी उजवीकडे सरकवायला सांगितली.

घरी परतल्यावर मामांची कामाची खोली ओळखू येईना. चित्र उभं होतं त्या भिंतीला दोन खिडक्या होत्या, हे भाचीला ठाऊकच नव्हतं. चित्राच्या मापाची भिंत हवी म्हणून मामांनी त्यांवर फळ्या ठोकून घेतल्या होत्या. पठ्ठ्यानं कोट काढला, पक्कड आणली, आणि एकेक फळी उचकटून काढली. गंजलेली कडी हातोडीनं ठोकावी लागली. मग झडपा उघडल्या आणि दुपारचं ऊन जमिनीवरच्या रंगांच्या डागांवर येऊन पडलं.

"आता काय काढणार, सर?" पठ्ठ्यानं विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढून उन्हात ठेवली आणि कोट न काढताच तिच्यात बसले.

मामी दुसरी खुर्ची घेऊन आली, त्यांच्या डाव्या बाजूला लावली, आणि समारंभाला कोण कोण आलं होतं, कुणी काय घातलं होतं, हे पहिल्यापासून सांगायला लागली. मामा हं हं म्हणत होते. थोड्या वेळानं हं थांबलं. मामीनं वाकून पाहिलं, तर त्यांना झोप लागली होती.

ती बोलायची थांबली नाही. फक्त आवाज जरा खाली आणला.